वृद्ध सेवा केंद्र निवडताना काय पाहाल, काय विचाराल?

‘आईसाठी एखादं चांगलं केंद्र सुचवा’ असं विचारणारे वाचक बहुतेक वेळा घाईत असतात. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली असते, रुग्णालयाने परवा डिस्चार्ज सांगितलेला असतो, घरात दोघंही नोकरीला जाणारे आणि ब्यूरोकडून आलेली बाई चार दिवसांत सोडून गेलेली. अशा वेळी एखादं नाव हाती लागलं की सुटल्यासारखं वाटतं. पण नुसत्या नावावर जाऊ नका. अशा ठिकाणची काळजी तिथल्या पाच-सहा माणसांच्या हातावर चालते. गेल्या वर्षी उत्तम चाललेलं केंद्र मुख्य सिस्टर सोडून गेल्यावर तीन महिन्यांत घसरू शकतं. म्हणून पारख स्वतःच करावी लागते, आणि ती करता येते. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. वेळ काढावा लागतो आणि संकोच सोडावा लागतो.

संकोचाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण खरी अडचण तिथे आहे. ‘आईवडिलांना आश्रमात टाकलं’ हे शब्द आपल्याकडे अजून फार सहज उच्चारले जातात. ते कानावर येतील या धास्तीने मुलं-सुना खाली मान घालून केंद्रात जातात, लवकर सह्या करतात आणि बाहेर पडतात. संस्था सेवाभावी असेल तर आणखीच अवघड, कारण ‘एवढं पुण्याचं काम करतात, त्यांना काय विचारायचं!’ असं वाटतं. परिणाम असा होतो की शाळाप्रवेशाच्या वेळी पन्नास प्रश्न विचारणारी माणसं इथे दोनसुद्धा विचारत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा हे चोवीस तासांचं, कसबाचं काम आहे. ते घरी जमत नाही म्हणून दुसऱ्याकडे सोपवण्यात पाप नाही. सोपवल्यावर न पाहणं मात्र चूक आहे.

आधी ठरवा: तुम्हाला नेमकं काय हवंय?

वाचकांचा सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो. वेगवेगळ्या प्रकारच्या जागांना लोक सरसकट ‘वृद्धाश्रम’ म्हणतात.

- निवासी वृद्धाश्रम: हिंडत्याफिरत्या, स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्या ज्येष्ठांसाठी. राहणं, जेवण, सोबत आणि गरजेपुरता डॉक्टर. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या पुण्यातल्या ‘निवारा’सारख्या काही संस्था दीडशे वर्षांहून जुन्या आहेत. अशा अनेक ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्यांना प्रवेश मिळत नाही, आणि राहत असताना माणूस परावलंबी झाला तर घरी न्यायला सांगतात. ही अट आधी विचारून घ्या.
- शुश्रूषा केंद्र: पक्षाघात, मोडलेलं हाड, स्मृतिभ्रंश, नळीने अन्न, कॅथेटर अशा अवस्थेतल्या माणसांसाठी. या लेखाचा मुख्य विषय हाच.
- नर्सिंग होम: आपल्याकडे म्हणजे छोटं खासगी रुग्णालय. काही दिवसांच्या उपचारांसाठी ठीक, वर्षानुवर्षं राहण्यासाठी नाही.

घरच्या माणसाला रोज कशाकशात मदत लागते, ते कागदावर लिहा: उठणं, चालणं, शौच, आंघोळ, जेवण, औषधं, रात्रीची देखरेख. हा कागद घेऊनच केंद्रात जा. ‘आम्ही सगळं करतो’ असं उत्तर आलं तर एकेका ओळीवर बोट ठेवून ‘हे कोण करतं, केव्हा करतं?’ असं विचारा.

आणि ज्यांना न्यायचंय त्यांना विचारलंत का? शुद्धीवर असलेल्या, स्वतःचं बरंवाईट कळणाऱ्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कुठेही ठेवण्याचा अधिकार मुलांनाही नाही. शक्य असेल तर दोन जागा दाखवून त्यांनाच निवडू द्या. स्मृतिभ्रंश असला तरी, खिडकीजवळची खाट हवी की भिंतीकडची, हे अनेकांना छान सांगता येतं.

कागद तपासा

आजारी किंवा अपंगत्व आलेल्या माणसांना ठेवून उपचार व शुश्रूषा देणाऱ्या जागेला महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू होतो. नोंदणी महापालिकेकडे किंवा ग्रामीण भागात जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे असते, तिचं तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. २०२१च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही लावणं बंधनकारक आहे. पुष्कळ केंद्रं मात्र फक्त धर्मादाय न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असतात. संस्थेच्या अस्तित्वासाठी ते पुरेसं आहे. पण सलाइन लावणं, जखमा बांधणं, ऑक्सिजन देणं असं सगळं चालत असेल आणि शुश्रूषागृहाची नोंदणी नसेल, तर ‘का नाही?’ हे विचारायलाच हवं. मानसिक आजाराच्या रुग्णांना ठेवत असतील तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खालची नोंदणी वेगळी लागते.

अग्निशमनाचा दाखला पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिना पाहा. बंगल्याचं केंद्र केलेलं असतं, वरच्या मजल्यावर दहा माणसं अंथरुणाला खिळलेली असतात, आणि खाली यायला एक अरुंद जिना. आग लागली तर या दहा जणांना कोण, कसं खाली आणणार, हे व्यवस्थापकांना समोरासमोर विचारा.

तीन वेळा जा, तिन्ही वेळा वेगळ्या वेळी

सकाळी अकरा वाजता सगळीच केंद्रं चांगली दिसतात. आंघोळी झालेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, व्यवस्थापक हजर असतात. तुमचं माणूस तिथे रात्रीही असणार आहे.

पहिली भेट ठरवून द्या. दुसरी न सांगता, जेवणाच्या वेळी द्या. तिसरी रविवारी संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास. सुट्टीमुळे माणसं कमी असतात, दिवसपाळी संपून रात्रपाळी लागत असते, आणि स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची बेचैनी नेमकी याच वेळी वाढते. भेटीच्या वेळा ठरलेल्या असणं समजू शकतं. पण आधी फोन केल्याशिवाय नातेवाइकांनाही आत सोडत नसतील, तर ते केंद्र यादीतून काढून टाका. मला इथे दुसरी बाजू दिसत नाही.

आत गेल्यावर भिंतींचा रंग आणि बाग बाजूला ठेवा. नाक उघडं ठेवा. एखाद्या खोलीत लघवीचा वास येणं स्वाभाविक आहे, आत्ताच काही झालं असेल. सगळ्या मजल्यावर मुरलेला वास म्हणजे डायपर वेळेवर बदलत नाहीत. आणि डोळ्यांत पाणी येईल इतका फिनेलचा वास म्हणजे काहीतरी झाकलं जातंय.

मग खाटेवरच्या माणसांकडे पाहा:

- नखं कापलेली आहेत का? पुरुषांची दाढी केलेली आहे का? डोळ्यांत चिपडं आहेत का?
- ओठ कोरडे, चिरलेले आहेत का? पाण्याचा पेला हात पोहोचेल असा ठेवलाय की टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात?
- कवळी तोंडात आहे की डबीत? चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं आहे का? ही तीन साधनं कपाटात पडून असतील तर ती माणसं न चावता जेवतात, न बघता बसतात आणि न ऐकता ‘हो’ म्हणतात.
- अंगावरचे कपडे स्वतःचे आहेत की धुऊन आलेल्या ढिगातला हाती लागेल तो गाऊन?
- भर दुपारी किती जण झोपलेले आहेत? सगळाच वॉर्ड शांत, पेंगुळलेला असेल तर झोपेच्या गोळ्यांची शंका घ्या.
- कुणाचे हात खाटेला बांधलेत का?
- अंग खाजवणारे किती? खरूज अशा ठिकाणी झपाट्याने पसरते. एकाला असेल तर सगळ्यांवर आणि कर्मचाऱ्यांवरही एकाच वेळी उपचार करावे लागतात.

कर्मचारी त्या माणसांशी कसं बोलतात, ते दहा मिनिटं बाजूला उभं राहून ऐका. ‘आजी, कुशीवर वळवते हं’ असं सांगून वळवतात की न बोलता सामानासारखं उचलतात? नावाने हाक मारतात की ‘चार नंबर’ म्हणतात? आईला आयुष्यभर ‘बाई’ किंवा ‘मॅडम’ म्हणून लोकांनी ओळखलं असेल, तर तिला एकेरीत ‘ए म्हातारे’ ऐकावं लागता कामा नये. थट्टेतही नाही.

रात्रीचा हिशेब मागा

‘तुमच्याकडे स्टाफ किती?’ या प्रश्नाला मोठा आकडा सांगितला जातो. त्यात स्वयंपाकी, चालक, हिशेबनीस, सगळे धरलेले असतात. प्रश्न असा विचारा: काल रात्री दोन वाजता या मजल्यावर कोण जागं होतं? त्यांच्यावर किती माणसांची जबाबदारी होती? त्यांतली अंथरुणाला खिळलेली किती?

साधा हिशेब करून पाहा. परावलंबी माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. एकट्या मावशींना हे काम सुरक्षितपणे जमत नाही, दोघी लागतात. समजा बारा माणसं आहेत आणि प्रत्येकाला पाच मिनिटं लागली, तर एका फेरीला तास जातो, म्हणजे दर दोन तासांतला एक तास फक्त कूस बदलण्यात. शिवाय डायपर, पाणी, कुणाचं घाबरून उठणं. तेव्हा वीस माणसांमागे रात्री एक मावशी असेल, तर ‘आम्ही दर दोन तासांनी कूस बदलतो’ हे वाक्य खरं असू शकत नाही. तक्त्यावर तशा सह्या असतील तर त्या सकाळी एकदमच ठोकलेल्या आहेत. तक्ता हातात घेऊन पाहा. एकाच पेनाने, एकाच हाताने रात्रभराच्या वेळा भरलेल्या दिसल्या की ओळखा.

कर्मचाऱ्यांची पात्रताही विचारा. जीएनएम किंवा एएनएम झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या परिचारिका किती, त्या कोणत्या पाळीला असतात? मावशी आणि मामा हीच खरी शुश्रूषा करणारी माणसं, त्यांना कुणी शिकवलं? उचलायचं कसं, भरवायचं कसं? इंजेक्शन कोण देतं? अन्नाची नळी (राईल्स ट्यूब) निघाली तर परत कोण घालतं? डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात आणि येऊन काय लिहितात? त्या लिहिलेल्या पानाची तारीख बघा.

एखाद्या मावशींना सहज विचारा: ‘तुम्ही इथे किती वर्षं आहात?’ चार-पाच जणींकडून ‘दोन महिने’, ‘एक महिना’ असंच ऐकू आलं तर माणसं टिकत नाहीत हे कळतं. जिथे कर्मचाऱ्यांना पगार वेळेवर मिळत नाही, चोवीस तासांची सलग पाळी करावी लागते, तिथे आजारी माणसाला माया मिळेल ही अपेक्षा फोल आहे.

त्वचा, वजन, पडणं: खोटं न बोलणारे तीन पुरावे

*बेडसोअर.* माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याची हाडं या जागी सतत दाब पडून कातडी मरते. सुरुवातीला फक्त लालसर डाग दिसतो. बोटाने दाबून सोडल्यावर तो क्षणभर फिका पडला नाही, तर ती जखमेची पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे जांभळट छटा, गरमपणा किंवा टणकपणा हाताला जाणवतो. या टप्प्यावर दाब काढला तर जखम टळते. दुर्लक्ष झालं तर ती हाडापर्यंत जाते. चौकशी करा: आत्ता तुमच्याकडे किती जणांना बेडसोअर आहेत? त्यांपैकी रुग्णालयातून घेऊन आलेले किती, इथे झालेले किती? ‘एकही नाही’ या उत्तरापेक्षा ‘तीन आहेत, दोन बाहेरून आलेले, एक इथे झाला, आता भरत आलाय’ हे उत्तर मला जास्त विश्वासाचं वाटतं. एअर बेड असला म्हणून कूस बदलायची गरज संपत नाही. आणि तो बेड सुरू आहे ना, तेही बघा. प्लग काढून पंखा लावलेला असतो.

*वजन.* दर महिन्याला वजन घेतात का? उभं राहता न येणाऱ्यांचं कसं घेतात? महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरणं ही धोक्याची खूण आहे. साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो कमी झाले तर डॉक्टरांनी त्याचं कारण शोधायलाच हवं. अनेकदा कारण साधं असतं: ताट समोर ठेवलं जातं आणि वीस मिनिटांनी उचललं जातं, भरवायला कुणी नसतं. म्हणून जेवणाच्या वेळी जा. शक्य असेल तर पैसे देऊन तिथेच जेवा. वरण-भात मऊ शिजलाय का, भाजी चावता येईल अशी आहे का, मधुमेहींचं ताट वेगळं असतं का, हे कळेल. भरवताना माणसाला बसतं करतात का, घास गिळायची वाट पाहतात का, जेवल्यावर अर्धा तास तरी तसंच बसवून ठेवतात का, हे बारकाईने बघा. आडवं ठेवून भरवलं तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि या वयात तो जीव घेतो.

*पडणं.* पडण्याच्या घटनांची नोंदवही मागा. गेल्या सहा महिन्यांत किती जण पडले, त्यानंतर काय बदललं? बाथरूममध्ये धरायला दांड्या, कमोड, न घसरणारी फरशी, रात्री लागणारा मंद दिवा असायला हवा. आणि खाटेजवळची घंटा दाबून पाहा, कुणी यायला किती वेळ लागतो ते घड्याळात मोजा.

बांधून ठेवणं आणि झोपवून ठेवणं

रुग्ण नळी ओढून काढतो, रात्री उठून भटकतो, ओरडतो. अडचण खरी आहे, आणि घरी हे सोसलेल्यांना ती सांगायला नको. पण त्यावरचं सोपं उत्तर म्हणजे मनगट खाटेला बांधणं किंवा गोळी वाढवणं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार नोंदलेल्या आस्थापनेत रुग्णाला बांधणं हा शेवटचा, थोड्या वेळापुरता उपाय आहे. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञांची परवानगी लागते, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावं लागतं. केंद्राला तो कायदा लागू असो वा नसो, तुम्ही हीच कसोटी लावा.

स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मनोविकारावरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. याचा अर्थ ती कधीच देऊ नयेत असा नाही. कुणी लिहून दिली, कशासाठी, किती दिवसांसाठी आणि बंद कधी करणार, ही चार उत्तरं मात्र मिळायला हवीत. करारात लिहून घ्या: नवं औषध सुरू करताना आम्हाला त्याच दिवशी कळवावं.

एकाएकी वाढलेला गोंधळ म्हणजे प्रत्येक वेळी म्हातारचळ नसतो. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, नवी गोळी, यांनीही माणूस एका दिवसात ओळख विसरतो. चांगल्या केंद्रातली सिस्टर अशा वेळी आधी ताप आणि लघवी तपासते.

करार वाचा, मग सही करा

दरमहाच्या आकड्यात काय धरलंय आणि काय नाही, हे वेगळं लिहून मागा. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, जखमेचं ड्रेसिंग, रुग्णवाहिका, रुग्णालयात सोबतीला माणूस, यांचा खर्च मिळून मूळ रकमेएवढा होऊ शकतो. जीएसटी लावत असतील तर विचारा. प्राप्तिकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेने चालवलेल्या वृद्धाश्रमात साठ वर्षांवरील रहिवाशांसाठी राहणं, जेवण व देखभाल धरून दरमहा २५ हजार रुपयांपर्यंतच्या शुल्काला जीएसटीतून सूट आहे.

करारात या गोष्टी नसतील तर घालून घ्या:

- अनामत रक्कम कधी, किती दिवसांत परत मिळणार. माणूस पंधरा दिवसांत गेला तर उरलेल्या महिन्याचं काय.
- शुल्कवाढ वर्षातून किती वेळा आणि किती आधी कळवून.
- कोणत्या अवस्थेत केंद्र ‘घेऊन जा’ म्हणू शकतं आणि त्यासाठी मुदत किती.
- रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, कोण नेणार, कुटुंबाचा फोन लागला नाही तर निर्णय कोण घेणार.
- मृत्यू झाला तर कारणाचा वैद्यकीय दाखला कोणते डॉक्टर देणार.

‘काहीही झालं तरी संस्था जबाबदार नाही’ असं एक वाक्य बहुतेक फॉर्मवर छापलेलं असतं. त्याला घाबरू नका. निष्काळजीपणाची जबाबदारी अशा एका ओळीने पुसली जात नाही.

एटीएम कार्ड, चेकबुक, मूळ आधार कार्ड केंद्राकडे देऊ नका. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला कोण करून देणार, ते आत्ताच ठरवा. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. सत्तर वर्षांवरील सर्वांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून त्याची प्रत फाइलला लावा. आणि कृत्रिम श्वासयंत्र हवं की नको याबद्दल आईवडिलांचं काही म्हणणं असेल, तर ते वैद्यकीय इच्छापत्रात लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.

दाखल केल्यानंतरचे पहिले दोन महिने

पहिले काही दिवस रडणं, ‘घरी ने’ म्हणणं, जेवण कमी होणं, रात्री न झोपणं हे होतंच. त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका. तुम्ही रोज गेलात तर ते सुसह्य होतं. ‘सवय होईपर्यंत पंधरा दिवस येऊ नका’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

पण या खुणांना ‘सवय होईल’ म्हणून बाजूला सारू नका: दंडावर किंवा मांडीच्या आत निळे डाग, कुणी जवळ आल्यावर दचकणं, ठरावीक पाळीच्या वेळीच भीती, तुम्ही असताना एकही कर्मचारी खोलीबाहेर न जाणं, बोलकं माणूस गप्प होणं. दर आठ-दहा दिवसांनी पाठ आणि टाचा स्वतः बघा. आंघोळ घालायला किंवा कूस बदलायला मदत करतो म्हणा, कुणाला वाईट न वाटता सगळं अंग दिसतं.

परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असाल तर ठरलेल्या वेळच्या व्हिडिओ कॉलवर समाधान मानू नका. त्या दहा मिनिटांसाठी केस विंचरलेले असतात. कधी अवेळी फोन करा, पाय दाखवायला सांगा, पाण्याची बाटली कुठे आहे ते विचारा. त्याहून उत्तम म्हणजे गावातल्या एखाद्या नातेवाइकाला, आईच्या मैत्रिणीला किंवा भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या ओळखीच्या माणसाला न सांगता जायला सांगा, आणि त्यांचं नाव करारात स्थानिक पालक म्हणून घाला. आठवड्याला एक बाहेरचं माणूस येतं हे केंद्राला ठाऊक असलं की त्या खाटेकडे लक्ष राहतं. हा नियम सगळ्याच, अगदी चांगल्या केंद्रांनाही लागू आहे.

तक्रार कुठे, कशी?

छोट्या गोष्टी आधी मुख्य सिस्टरशी बोला, मावशींना सर्वांसमोर बोलू नका. दोनदा सांगून फरक पडला नाही तर व्यवस्थापनाला लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. डॉक्टरांकडच्या वैद्यकीय नोंदींच्या प्रती लेखी मागितल्यास त्यांनी ७२ तासांत द्याव्यात असा नियम आहे.

- पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- शुश्रूषागृह म्हणून नोंदणी असेल तर महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. धर्मादाय न्यास असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात.
- ज्येष्ठांच्या कोणत्याही अडचणीसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८.
- खर्च उचलायला मुलं तयार नसतील तर आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. वृद्ध आईवडिलांना वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे.

‘तक्रार केली तर आईलाच त्रास देतील’ ही भीती अनेक वाचक बोलून दाखवतात, आणि ती निराधार नाही. म्हणून लेखी तक्रारीआधी दुसरी जागा पाहून ठेवा आणि त्या काळात भेटी वाढवा. मात्र मारल्याच्या, बांधल्याच्या किंवा लैंगिक अत्याचाराच्या खुणा दिसल्या तर दुसरी जागा मिळायची वाट पाहू नका. छायाचित्रं काढा, त्याच दिवशी तिथून बाहेर काढा, सरकारी रुग्णालयात तपासणी करून नोंद घ्यायला लावा आणि ११२ वर फोन करा किंवा पोलीस ठाण्यात जा. खाट एक-दोन दिवसांत दुसरीकडे मिळते, घरच्या दिवाणावरही ती रात्र निघते.